गेममधली लूट: नशिबाची की हमीची?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये लूट दोन प्रकारे मिळते. एक ठरलेली: अमुक क्वेस्ट पूर्ण करा, अमुक तलवार घ्या. दुसरी नशिबाची: बॉक्स उघडा, निघेल ते तुमचं. ‘नशिबाची वाईट, ठरलेली चांगली’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’चंच बघा. त्यात ठरावीक दिवसांसाठी आलेलं कॅरेक्टर हवं असेल तर ‘विश’ करावी लागते. एका विशमध्ये फाइव्ह-स्टार निघण्याची शक्यता फक्त ०.६ टक्के. नियम एवढाच असता तर ९० विश करूनही १०० पैकी साधारण ५८ जणांना एकही फाइव्ह-स्टार मिळाला नसता. म्हणून गेममध्ये ‘पिटी’ आहे: ९०व्या विशपर्यंत फाइव्ह-स्टार नक्की. म्हणजे लॉटरीला भिशीची जोड! नंबर कधीतरी लागणारच.

पण तो फाइव्ह-स्टार तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. दुसराच निघाला, तर पुढचा मात्र हमखास हवा तो. म्हणजे नशीब अगदीच रुसलं तर १८० विश. एका विशला १६० प्रिमोजेम, म्हणजे एकूण २८,८०० प्रिमोजेम.

खरी गोम इथेच आहे. ‘७० झाल्या, आता फक्त २० उरल्या’ हा विचार आपल्याला पैसे भरायला लावतो. इथे मोह नशिबाचा नसतो, हमीचा असतो. त्यात रुपयांचे आधी क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम आणि प्रिमोजेमच्या विश होतात. एवढ्या अदलाबदलीत एका विशला किती रुपये गेले हे कोण मोजतंय?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. जिंकण्याची शक्यता आणि खरा खर्च याबाबत खेळाडूंची दिशाभूल केल्याचा आरोप त्यांनी ठेवला होता. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार कंपनीने २ कोटी डॉलर भरायचे, १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत आणि ते थेट खऱ्या पैशांत घेण्याचा पर्यायही द्यायचा.

आपण काय करायचं? पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. शक्यता किती? ॲपलच्या नियमानुसार २०१७ पासून लूट बॉक्स विकणाऱ्या ॲपला ती सांगावीच लागते. हमी कितव्या प्रयत्नाला? आणि बॅनर बदलल्यावर मोजणी पुढे चालू राहते का? गेन्शिनच्या कॅरेक्टर बॅनरमध्ये ती राहते. त्यामुळे शेवटच्या दिवशी घाई केली नाही तर केलेल्या विश वाया जात नाहीत.

मग हमीच्या आकड्याला एका विशच्या रुपयांतल्या किमतीने गुणा. येईल तीच त्या कॅरेक्टरची किंमत समजा. तेवढे द्यायची तयारी नसेल, तर पहिली विशही विकत घेऊ नका.