सांडपाणी आणि आमची काळी माती

आमच्या शिर्डीच्या आसपासच्या खेड्यांत हल्ली घरोघरी नळ आले. आनंदाचीच गोष्ट आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. आता शाळेतले साधे गणित करू. दोन हजार वस्तीचे गाव म्हणजे १ लाख १० हजार लिटर. त्यातले ऐंशी टक्के मोरीतून बाहेर पडते असे धरले तर ८८ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर, रोज! ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी टँकरसाठी हंडे रांगेत लावले, तिथे हे पाणी गटारीतून ओढ्यात जाते आणि डास पोसते.

यावर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाचे उदाहरण नेहमी देतात. घराशेजारी खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. मोरीचे पाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी भोकांतून जमिनीत मुरते. याला 'मॅजिक पिट' असे नाव पडले. गटारीच नको, मग डास कुठले? कल्पना मला फार आवडते.

पण मंडळी, पाणी मुरायला जमीन हवी ना! मुरमाड जमिनीत जे जमते ते आमच्या राहात्याच्या काळ्या मातीत जमेलच असे नाही. ही माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. त्यात गोदावरीचे कालवे ब्रिटिशांच्या काळापासून वाहताहेत, त्यामुळे काही शिवारांत पाणी वरच असते. चिबड जमीन म्हणजे काय ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तिथे शोषखड्डा खणला तर दोन पावसाळ्यांत त्याचे डबके होईल, आणि मुरलेच तरी शेजारच्या विहिरीची काळजी आहेच.

दुसऱ्या टोकाला काही मंडळींना शहरासारखे यंत्र हवे असते. त्यात पंख्यांनी किंवा पंपांनी सतत हवा भरून जिवाणू जगवावे लागतात, ते घाण खातात. पण खेड्यात वीज कधी असते हे वेगळे सांगू का? हवा बराच वेळ बंद पडली की जिवाणू गुदमरतात, आणि वास सुरू होतो. विजेचे बिल तर दर महिन्याला येतेच.

मला विचाराल तर आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' संस्थेची फायटोरिड पद्धत बसेल. आधी गाळ बसवायची टाकी, मग खडीचे पक्के वाफे, त्यात कर्दळ, पाणकणीस. मुळांवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू तेच काम करतात, उतार मिळाला तर जवळजवळ विजेशिवाय. जागा लागते, पण गायरानाचा तुकडा बहुतेक गावांत निघेल. पाणी चाऱ्याला, झाडांना द्यावे. मात्र धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला बाधतो, म्हणून एकाच शेतात वर्षानुवर्षे सोडू नये.

पैसा नाही ही सबब फारशी टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. अडते ते टाकीतला गाळ कोण काढणार इथे. त्यासाठी पगारी माणूस आणि त्याला हातमोजे, गमबूट हवेतच. अंदाजपत्रकात ही ओळ नसेल तर ग्रामसभेने ठरावाला हात वर करू नये.

आणि खड्डाच हवा असेल त्याने एवढे करावे: भाद्रपदात हातभर खोल खणावे, संध्याकाळी पाण्याने भरावे आणि सकाळी जाऊन पाहावे.