आधी ओळख, मग जाळे

मुलांनो, बांद्याच्या बाजारात जवळा आणि सुंगटे आपण सहज ओळखतो. पण खोल, अंधाऱ्या समुद्रात कोळंबीसारखे असे कितीतरी जीव आहेत, ज्यांना अजून नावच मिळालेले नाही. काही जण विचारतात, “नाव देऊन काय मिळणार?” मला हा प्रश्न पटत नाही.

१९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने अरबी समुद्राचा तळ धुंडाळला. हे नाव तुमच्या ओळखीच्या ‘बहस’ या शब्दाच्या घराण्यातलेच आहे. त्या मोहिमेतील कोळंब्यांचा अभ्यास रमदान या शास्त्रज्ञांनी केला. अशा कामात डोक्यावरील काट्याचे दात मोजावे लागतात, पायांचे सांधे पाहावे लागतात, जुन्या वर्णनांशी सारे ताडून पाहावे लागते. १९३८ मध्ये रमदान यांनी एका तांबड्या कोळंबीला नवी जात ठरवले. आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०१ मध्ये भारतीय खोल समुद्रातील कोळंब्यांची सूची प्रसिद्ध केली होती. त्यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘अल्कॉकी’ ठेवले.

आज हीच कोळंबी केरळच्या किनाऱ्यावर विक्रीसाठी पकडली जाते. ती वेगळी जात आहे हे ठाऊक असल्यामुळेच ती किती वाढते, अंडी कधी घालते, हे तपासता येते. न ओळखलेला जीव जाळ्यात संपला, तर तो संपल्याचेही कोणाला कळणार नाही. म्हणून आधी ओळख हवी, मग जाळे.