लॉन नक्की कोणासाठी?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत एप्रिल लागला की टँकर येतो. तरी समोरच्या लॉनला रोज पाणी. त्यावर पाय ठेवायचा नाही. वॉचमनकाका पोरांना हाकलतात. म्हणजे ते माणसांसाठी नाही. किड्यांसाठीही नाही, कारण दर महिन्याला फवारणी.

कोपऱ्यात आपोआप रुई उगवली होती. पानांवर पट्टेरी अळ्या होत्या, फुलपाखरांच्या. ‘कचरा’ म्हणून उपटली.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. त्याची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते, लॉनचं गवत नाही. फुलपाखराचा फोटो स्टेटसला आणि अळी दिसली की स्प्रे, हे कसलं निसर्गप्रेम?

“झाडोरा वाढला की साप येतील.” अहो, साप उंदरांमागे येतात, उंदीर खरकट्यामागे. आधी कचऱ्याच्या डब्यांना झाकणं लावा.

अर्धं लॉन द्या, एवढंच. लिंबू, कढीपत्ता, टाकळा लावू. रुई कुंपणाकडे, तिचा चीक डोळ्यांना वाईट. आणि फवारणी बंद.

रविवारी मीटिंग आहे. भाडेकरूंना मत नाही म्हणे. मी जाणार आहे.