प्रोसेसर बदलू का? रोह्याहून आलेला फोन आणि महागलेली रॅम

डिसेंबरच्या सुरुवातीला रोह्याहून मामेभावाचा फोन आला. "दादा, लॅमिंग्टन रोडला जायचंय. येशील का? रायझन ५ ५६०० घ्यायचाय."

पैसे त्याचे स्वतःचे होते. गणपतीच्या आधी दोन महिने तो आमच्याकडे पेणला राहायला होता आणि एका कारखान्यात मूर्तींना रंग मारत होता. (पेणमध्ये नुसतं 'कारखाना' म्हटलं की गणपतीचाच कारखाना, वेगळं सांगावं लागत नाही.) सीझन संपल्यावर त्याच्याकडे चौदा हजार शिल्लक राहिले. एवढे पैसे त्याने आयुष्यात पहिल्यांदा कमावले होते, त्यामुळे "घेऊन टाक" असं फोनवर म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, रविवारी येतो, आधी बघू तरी.

त्याचा पीसी असा: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. तक्रार एकच होती. गेम झटके खातो. त्यावरून त्याने निदान केलं होतं की प्रोसेसर जुना झाला, कारण २६०० हा २०१८ चा आहे.

हे निदान कुठून येतं ते मला माहीत आहे, कारण मीही तसाच विचार करायचो. आपण सगळे फोनवर वाढलेलो. फोनच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं? स्नॅपड्रॅगन किंवा डायमेन्सिटी आणि पुढे एक आकडा. फोनमध्ये ते बरोबरही आहे, कारण त्या एकाच चिपमध्ये प्रोसेसर असतो आणि ग्राफिक्सही असतं. चिप नवी म्हणजे बीजीएमआयमधले एफपीएस वाढणारच. पीसीमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या वस्तू करतात. गेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, हा हिशोब प्रोसेसर करतो. तो हिशोब घेऊन चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं.

भावाला हे कारखान्याच्या भाषेत लगेच कळलं. साच्यातून मूर्ती काढणारे दहा जण आहेत, पण डोळ्यांची आखणी करणारा एकच माणूस आहे. आता साच्यावर अजून दोन पोरं ठेवली तर दिवसाला जास्त गणपती तयार होतील का? आखणीवाल्यासमोर नुसती रांग वाढेल. म्हणून आधी बघायचं, रांग कुठे लागलीय.

ते बघायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं आणि गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दाखवतं. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलंय, प्रोसेसर त्याची वाट बघतोय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर असेल आणि तरी एफपीएस वाढत नसतील, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडतोय (गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएसला मर्यादा लावलेली नाही ना, ते आधी बघा). दुसरी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस उडी मारून वर गेले तर दोष कार्डाचा. जागेवरच राहिले तर प्रोसेसरचा.

एक चूक इथे खूप जण करतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५ टक्के दिसतो आणि लोक म्हणतात, अरे हा तर मोकळाच आहे. २६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. गेम त्यातल्या दोन-चारांवरच सगळा भार टाकतो. ते पूर्ण भरलेले असतात, बाकीचे बसून असतात आणि सरासरी ३५ येते. त्यामुळे प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा बघायचा.

रविवारी मेमूने रोह्याला गेलो. रेड डेड रिडेम्प्शन २ लावला. कार्ड ९८-९९ टक्के. प्रश्न मिटला, या गेममध्ये नवा प्रोसेसर टाकून काहीच हाती लागणार नव्हतं. मग व्हॅलोरंट. इथे कार्ड निम्मंच वापरात होतं, म्हणजे प्रोसेसरची मर्यादा होती हे खरं. पण एफपीएस आधीच १४० च्या आसपास होते आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. ५६०० टाकून १४० चे २०० झाले असते. माऊसच्या हालचालीला प्रतिसाद थोडा लवकर मिळाला असता, हे मान्य. पण डोळ्यांना दिसली असती तीच ६० चित्रं.

मग झटके कुठून येत होते? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना बघितला. ९४ टक्के. गेम चालू, मागे क्रोमचे डझनभर टॅब आणि डिस्कॉर्ड. रेड डेड २ ला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते असं गेम बनवणारी कंपनीच सांगते आणि शिफारस १२ जीबीची करते. रॅम भरली की विंडोज काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि गेमला तो हवा झाला की परत आणतं. त्या आणण्याच्या वेळेला आपण झटका म्हणतो. क्रोम आणि डिस्कॉर्ड बंद करून पुन्हा गेम लावला तेव्हा झटके निम्म्याहून कमी झाले. भाऊ माझ्याकडे बघत राहिला.

आणि इथे मला माझीच चूक आठवली. मे महिन्यात त्याने विचारलं होतं, "दादा, अजून एक रॅम टाकू का?" मी ज्ञान पाजळलं, "थांब, दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त मिळेल." तेव्हा जेवढ्यात १६ जीबी आली असती, तेवढ्यात आता ८ जीबी मिळायची मारामार.

हे असं का झालं, ते बघायला रोह्यापासून फार लांब जावं लागत नाही. रोहा-दिवा मेमू पनवेलवरून जाते. त्या पनवेलला २०२० पासून योट्टा कंपनीचं मोठं डेटा सेंटर आहे आणि तिथे एआयसाठी एनव्हिडियाच्या एच१०० चिप बसवल्यात. अशा एका चिपला ८० जीबी मेमरी चिकटलेली असते, एचबीएम जातीची. जगभर अशी सेंटरं धडाधड उभी राहतायत. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एक जीबी एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन खर्च होतं, हे मायक्रॉननेच सांगितलंय. नफाही त्यातच जास्त. मग आपल्यासारख्यांच्या रॅमला कारखान्यात जागा उरते किती? डीडीआर४ तर कंपन्या आधीच कमी करत होत्या. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत भाव दुप्पट आणि काही ठिकाणी तिप्पट झाले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय. आपल्याकडे कित्येकांनी आयुष्यातली पहिली रॅम क्रुशलचीच घेतलेली.

"पण गुजरातमध्ये मायक्रॉनचा कारखाना आहे ना?" असं भावाने विचारलं. साणंदला चिप कापून, पॅक करून तपासतात. मूळ सिलिकॉन बाहेरून येतं, त्यामुळे तुटवडा तिथून भरून निघत नाही.

या भाववाढीने प्रोसेसरचं गणितही फिरलंय. वर्षापूर्वी मी सांगितलं असतं, थोडे पैसे साठव आणि थेट एएम५ वर जा. आज नाही सांगणार. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असं तिहेरी बिल, आणि त्यातली रॅम सगळ्यात महाग झालेली. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठी डीडीआर४ वाले बोर्ड येतात, पण बोर्ड नवा घ्यावा लागतोच. जुन्या बोर्डावर, जुन्या रॅमसकट नुसता प्रोसेसर बदलता येणं ही आज चैन आहे, आणि ती एएम४ वाल्यांकडे आहे. गंमत म्हणजे २०२० मध्ये एएमडी बी४५० बोर्डांना ५००० मालिका देणारच नव्हती. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्णय फिरवला.

मग प्रोसेसर कुणी बदलावा? पेणमधला माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे आरटीएक्स ३०६०, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, १६ जीबी रॅम आणि तोच रायझन ५ २६००. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याचं कार्ड ६० टक्क्यांच्या वर जायचंच नाही आणि गर्दीच्या जागी एफपीएस धाडकन पडायचे. त्याला मी स्वतः ५६०० घ्यायला लावला. २६०० मध्ये १६ एमबी कॅश दोन तुकड्यांत वाटलेली आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी एकत्र आहे, म्हणून कोअरना माल शोधायला रॅमपर्यंत कमी वेळा जावं लागतं. त्याच्या बाबतीत पैसा वसूल.

विंडोज हे आणखी एक कारण असू शकतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रायझन २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे, पण पहिल्या पिढीचे रायझन आणि बहुतेक ७व्या पिढीचे इंटेल नाहीत. एएम४ बोर्ड असेल तर प्रोसेसर बदलून सुटका होते. इंटेलच्या ७व्या पिढीच्या बोर्डावर मात्र ८वी पिढी चालत नाही, सॉकेटचा आकडा तोच दिसला तरी.

बदलणारच असाल तर दोन गोष्टी जपा. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. नाहीतर नवा बसवल्यावर बोर्ड त्याला ओळखणार नाही आणि स्क्रीन काळीच राहील. ते अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. आमच्याकडे वारा सुटला तरी लाइट जाते, त्यामुळे मित्राचं काम आम्ही यूपीएस असलेल्या घरी नेऊन केलं. दुसरं, एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, बंद करा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

भावाचं काय झालं? रोह्यात एक कॉम्प्युटर क्लास बंद होत होता, तिथे ८ जीबी डीडीआर४ ची जुनी स्टिक दोन हजारांच्या आत मिळाली. कंपनी वेगळी होती, म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून बघितलं. एकही चूक आली नाही. बायोसमध्ये शिरलो तर त्याची पहिली ३२०० ची स्टिक इतके दिवस २४०० वरच चालत होती, कारण एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं! नवी स्टिक २६६६ ची, म्हणून दोन्ही २६६६ वर लावल्या. रेड डेडचे एफपीएस जवळपास तेवढेच आहेत, कार्ड तेच आहे ना. झटके गेले.

लॅमिंग्टन रोडला आम्ही अजून गेलेलो नाही. उरलेले बारा हजार त्याच्या खात्यात आहेत आणि तो आता रोज १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचे भाव मला पाठवतो. या वेळी "सेलपर्यंत थांब" असं मी म्हटलेलं नाही.