‘मैने’चा उत्तरार्ध

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीविषयीं सुशिक्षित मंडळींत एक मत रूढ होऊन बसलें आहे. तिचा विरहाचा भाग तेवढा अस्सल काव्य. पुढें संयुक्त महाराष्ट्राचा विषय येतो तें मात्र कलेच्या गळ्यांत बांधलेलें प्रचाराचें लोढणें! परवां अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत एका विद्वान स्नेह्यांनीं मला हेंच ऐकविलें, आणि तेंही कोणत्या चित्रासमोर?

नंदाच्या पत्नीच्या! पतीनें भिक्षुव्रत घेतल्याची वार्ता कळतांच ती सुंदरी मूर्च्छित होत आहे. वाकाटक नृपति हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें भिक्षुसंघाला अर्पण केलेल्या विहाराची ती भिंत. चित्राचा हेतु उघड धर्मोपदेशाचा. स्नेह्यांनीं त्याला प्रचार म्हटलें नाहीं, उलट डोळे टिपले. १५०० वर्षें लोटलीं म्हणजे प्रचाराची आपोआप कला होते कीं काय?

छक्कडींतला नवरा दारिद्र्यामुळें मुंबईस येतो. तेथें एकीकडे कुबेर व कारखानदार, दुसरीकडे बेकारांची गर्दी. भर पावसांत याला साधी छत्री नाहीं. पठ्ठे बापूरावांनीं मुंबईवर लावणी रचली, तींत शहराचा थाटमाट आहे. अण्णाभाऊंनीं आपल्या ‘मुंबईच्या लावणी’त त्या थाटामागचें दैन्य दाखविलें. ‘मैने’ंत तोच शाहीर शहरांत उभा राहून गांवाकडे पाहतो. ज्या नगरीची संपत्ति याच्या घामावर वाढली, ती याच्या भाषेच्या राज्यांत असावी कीं नसावी, हाच तर त्या वेळचा वाद! मग हा मनुष्य चळवळींत शिरला तर तें ठिगळ कसें? बेळगांव-कारवार बाहेर राहतात तेव्हां त्याला मैनाच आठवणार. ताटातूट म्हणून त्यानें भोगली ती एवढीच.

ही उपमा ज्यांना ओढूनताणून आणलेली वाटते, त्यांनीं लेण्यांवरून परततांना अजिंठा गांवांत घटकाभर थांबावें. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तें द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें. म्हणजे आमची मैना घरीं आली. बेळगांवची १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तरी आली नाहीं, आणि तिच्यासाठीं २००४ मध्यें महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयांत दावा लावावा लागला. उत्तरार्ध शिळा झाला असें म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांना मी हें परतीच्या वाटेवर सांगितलें. ते म्हणाले, “तें राजकारण झालें.” मी म्हटलें, “आणि वराहदेव कोण होता? राजाचा सचिवच ना?”