आकड्यांची तुलना आणि ताम्हिणीचा घाट

२० डिसेंबर २०२४ रोजी लग्नाचे वऱ्हाड घेऊन पुण्याहून महाडकडे निघालेली खासगी बस ताम्हिणी घाटात उलटली आणि पाच जण मृत्युमुखी पडले. बस पुण्याहून सुटलेली, रस्ता मुळशी तालुक्यातून घाट उतरणारा. परंतु अपघाताची जागा रायगड जिल्ह्याच्या हद्दीत. साहजिकच या मृत्यूंची गणना रायगडच्या खाती झाली. यात कोणाची चूक नाही. तथापि अपघाताचा आकडा नुसता मोजला जात नाही, तो कोठे आणि कोणाच्या नावे मांडावयाचा हे आधी ठरवावे लागते, एवढे यावरून ध्यानात यावे. दोन जिल्ह्यांची ही स्थिती, तर दोन देशांच्या तुलनेत केवढी सावधगिरी हवी!

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. अमेरिकेत सुमारे ४२,५००. लोकसंख्येने भागले तर दोन्हीकडे लाखामागे बारा-तेरा मृत्यू पडतात. म्हणजे आपण अमेरिकेच्या बरोबरीस आलो असे समाधान कोणी मानून घ्यावे! वाहनसंख्येने भागताच मात्र आपले प्रमाण सुमारे तिपटीवर जाते. त्यातही भंगारात गेलेली कितीतरी वाहने आपल्या नोंदवहीत जिवंतच असतात. ती वगळली तर चित्र आणखी काळवंडते. भाजक बदलला की निष्कर्ष बदलतो, तो असा.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. अपघातानंतर तीस दिवसांत मृत्यू आला तर तो रस्त्यावरील मृत्यू, हा आंतरराष्ट्रीय संकेत भारतानेही स्वीकारला आहे. जपानच्या पोलिसांचा रूढ आकडा मात्र चोवीस तासांचा असतो. फ्रान्समध्ये २००४ पर्यंत सहा दिवसांची मर्यादा होती. शिवाय नियम कागदावर असणे वेगळे आणि पाळला जाणे वेगळे. पौडजवळ जखमी झालेला मजूर पुण्याच्या रुग्णालयात विसाव्या दिवशी मरण पावला, तर ती वार्ता मूळ ठाण्याच्या कागदांपर्यंत पोहोचावी लागते. २०२१ साठी सरकारी आकडा १,५३,९७२ होता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज दोन लाख सोळा हजारांच्या घरात गेला. ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अपघातांच्या संख्येची तुलना तर त्याहून फसवी. २०२२ मध्ये जपानने सुमारे तीन लाख अपघात नोंदविले आणि २,६१० मृत्यू. महाराष्ट्राने ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू. आपल्याकडे दर दोन अपघातांत जवळजवळ एक बळी जातो, असा याचा सरळ अर्थ नव्हे. किरकोळ अपघात रस्त्यातच तडजोडीने मिटतात, ते ठाण्यापर्यंत जात नाहीत, हाही त्याचा अर्थ आहे.

मग तुलना व्यर्थ समजावी काय? मुळीच नाही. जपानमध्ये १९७० साली १६,७६५ माणसे रस्त्यावर मेली होती. त्याच वर्षी तेथे वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा झाला. पदपथ, सिग्नल आणि शिस्त यांवर सातत्याने भर दिला गेला. पुढे वाहने कितीतरी वाढली, तरी चोवीस तासांच्या त्याच मापाने मृत्यू एक षष्ठांशाहून खाली आले. ही तुलना विश्वासार्ह आहे, कारण तीत देश एकच आणि मापही एकच आहे.

मुळशीने घ्यावयाचा धडा हाच. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची वस्ती सुमारे १ लाख ७१ हजार होती. हिंजवडीच्या कंपन्यांत आणि पिरंगुटच्या कारखान्यांत रोज येणारी माणसे तीत नाहीत. हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, पौड पुणे ग्रामीण पोलिसांकडे. अशा स्थितीत तालुक्याचे लाखामागील प्रमाण काढून ते परदेशाशी ताडण्यात हशील नाही. कोणत्या वळणावर, कोणत्या वेळी, कोण मेले, ही नोंद एकाच मापाने वर्षानुवर्षे ठेवली आणि गावकऱ्यांपुढे मांडली, तर उपाय कोठे हवा ते आपोआप दिसेल. देशातील मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि जवळजवळ एक पंचमांश पायी चालणारे आहेत. पौड रस्त्याच्या कडेने शाळेला जाणाऱ्या मुलाला आपण अमेरिकेच्या मागे की पुढे, याच्याशी कर्तव्य नाही. गेल्या वर्षीपेक्षा यंदा त्याचा रस्ता निर्धोक झाला की नाही, एवढेच त्याला कळावयास हवे.