सोनपहाडीचे त्रैराशिक

फेब्रुवारी २०२० मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३००० टन सोने सापडले! देशाच्या तिजोरीत त्या वेळी सव्वासहाशे टनांच्या आसपास सोने होते. म्हणजे त्याच्या जवळजवळ पाचपट सोने एका आडबाजूच्या डोंगरात!

लगेचच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने खुलासा केला. सोनपहाडी येथे १९९८ ते २००० या काळात पाहणी झाली होती. तीत ५२,८०६.२५ टन धातुक, म्हणजे सोने असलेला खडक, असल्याचा अंदाज निघाला. त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे. आता गुणाकार करा. उत्तर येते सुमारे १६० किलोग्रॅम!

मला येथे बातमीदारांना दोष द्यायचा नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. ती बातमी वाचून आपल्यापैकी किती जणांनी पेन्सिल हातात घेतली?

खुलाशाची वाट न पाहताही आपल्याला शंका घेता आली असती. पुष्कळशा सोन्याच्या खाणींत टनभर खडकातून फक्त काही ग्रॅम सोने मिळते. टनाला ३ ग्रॅम धरले, तर ३००० टन सोन्यासाठी १०० कोटी टन धातुक हवे. खडकाची घनता २.७ धरा. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि ३७० मीटर उंच असा अख्खा डोंगर धातुकाचाच असावा लागेल! प्रत्यक्षात सोनपहाडीचे सारे धातुक २७ मीटर बाजूच्या घनात मावेल. आणि त्यातले सोने? सोन्याची घनता १९.३ असल्याने ते भरेल जेमतेम सव्वाआठ लिटर. घरातली बादलीसुद्धा काठोकाठ भरणार नाही.

मग भूवैज्ञानिकांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. भूकवचात सोने सरासरी टनाला ०.००४ ग्रॅम इतके विरळ असते. सोनपहाडीला ते त्याच्या साडेसातशे पटींनी गोळा झाले आहे. हे कसे घडले असेल? सोन नदीच्या दक्षिणेकडील हे महाकोशल गटाचे खडक १७० कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. अशा प्राचीन, दाबाने घड्या पडलेल्या खडकांत खोलवरून तप्त पाणी भेगांवाटे वर चढते. पाण्यातील गंधकाच्या संयुगांच्या आधाराने सोने विरघळलेल्या स्थितीत प्रवास करते. वाटेत दाब कमी झाला किंवा भोवतालच्या खडकातील लोहाशी गंधकाचा संयोग झाला, की सोन्याचा आधार सुटतो. मग गारगोटीच्या, म्हणजे क्वॉर्ट्झच्या, शिरांबरोबर सोन्याचे कण तेथेच अडकून राहतात. पुष्कळदा ते इतके सूक्ष्म असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

येथे तीन शब्द नीट वेगळे ठेवायला हवेत : आढळ, साठा आणि खाण. सोन्याचे अस्तित्व कळले, तर तो आढळ. विवरे पाडून, नमुने तपासून त्याचे आकारमान मोजले, तर तो साठा. तो काढण्याचा खर्च निघून वर काही उरणार असेल, तरच खाण. कोलारच्या खाणींनी शतकाहून अधिक काळात सुमारे ८०० टन सोने दिले, तरीही खर्च परवडेना म्हणून २००१ मध्ये त्या बंद पडल्या. उलट, सोन्याचा भाव चढला किंवा नव्या विवरांत शीर पुढे सापडली, तर आज लहान वाटणारा साठाही उद्या मोठा ठरू शकतो. हिशेब बदलतो, पण हिशेब करावाच लागतो.

त्या हिशेबात आणखी एक बाजू असते, आणि ती बातमीत क्वचितच येते. १६० किलोग्रॅम सोने काढल्यावर उरलेला जवळजवळ सगळा ५२,८०० टन खडक पीठ होऊन तेथेच पडणार. अशा शिरांतील खनिजांत पुष्कळदा आर्सेनिक असते. ते पाण्यात उतरले, तर त्या रानात राहणाऱ्या माणसांनी आणि गुरांनी काय प्यावे? डोंगराच्या पोटात ३००० टन आहे असे मानून घेतले, की हा प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो. खरा आकडा हाती असला, की तोच प्रश्न शहाणपणाचा वाटतो. म्हणूनच चुकीचा आकडा ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे.

माझ्या मते, सोनपहाडीची सर्वांत मोलाची वस्तू ते सोने नसून १६० हा प्रामाणिक आकडा आहे. ‘येथे थोडेच आहे’ असे सांगणे हेही विज्ञानाचेच काम आहे, आणि ते ‘खूप सापडले’ म्हणण्यापेक्षा अवघड असते.

शिक्षकांना एक विनंती आहे. घनता आणि त्रैराशिक शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्या. आणि मित्रहो, पुढच्या वेळी कोठे सोने, तेल किंवा लिथियम ‘सापडले’ असे वाचाल, तेव्हा आनंद अवश्य माना. मात्र आधी विचारा : टनाला किती? एकूण किती टन? आणि काढल्यावर मागे काय उरणार?